इंदूरजवळ शेती आहे? सन्मान निधीचा फॉर्म भरायच्या आधी खसरा (जमिनीचा उतारा) काढून बघा

आपल्यातले बरेच जण राहतात इंदुरात, पण आजोबांच्या वेळची पाच-दहा बिघे जमीन सांवेर नाहीतर देपालपूरकडे असते आणि वर्षाचे बारा हजार नुसते कागदामुळे अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. सहा हजार केंद्राच्या पीएम किसान सन्मान निधीचे, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. वरचे सहा हजार मध्य प्रदेश राज्याच्या मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचे, 2020 मध्ये ते चार हजार होते, 2023 पासून सहा झाले. पीएम किसानमध्ये नाव असेल तरच राज्याचे मिळतात, म्हणजे पहिली पायरी तीच.

आधी दोन हेक्टरची अट होती ती 2019 मध्येच गेली, आता जमीन कितीही असली तरी चालते. पण जमीन स्वतःच्या नावावर हवी, बटाईने (दुसऱ्याची जमीन वाट्याने) करणाऱ्याला मिळत नाही. आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अज्ञान (18 वर्षांखालची) मुलं, त्यात एकालाच. दोघा भावांचं खातं सामाईक असेल तर दोघांची कुटुंबं वेगळी धरतात. मुलगा कंपनीत आहे, टॅक्स भरतो, म्हणून वडिलांना मिळणार नाही असं खूप जण धरून चालतात, ते चूक आहे, सज्ञान मुलगा वेगळा. वडील स्वतः इन्कम टॅक्स भरत असतील किंवा पेन्शन महिना दहा हजार किंवा जास्त असेल तर मात्र नाही (चतुर्थ श्रेणीतून रिटायर झालेल्यांना पेन्शनची अट नाही).

आता खरी अडचण. 1 फेब्रुवारी 2019 नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर मिळत नाही, वारसाने आलेल्या जमिनीवर मिळतं, पण त्यासाठी नामांतरण झालेलं पाहिजे. महाराष्ट्रात ज्याला फेरफार म्हणतात तेच. आमच्याकडे बाबा गेल्यावर हे राहूनच गेलं, आणि खसरा काढला तेव्हा कळलं की आईच्या आधारवर बाबांचं नाव नुसतं गणपत आणि खसऱ्यात गणपतराव. त्या एका 'राव'साठी तहसीलच्या चार चकरा झाल्या. मराठी घरांत हे फार होतं, तेव्हा नावं आधीच शेजारी ठेवून अक्षर न अक्षर जुळवा. आणि गेलेल्या माणसाच्या खात्यात हप्ते येत असतील तर ते वापरू नका, लगेच कळवून बंद करा, नंतर वसुली निघते.

कागद: आधार, खसरा आणि बी-1 (खात्याचा उतारा) ची नक्कल, ऋण पुस्तिका (जमिनीचं पासबुक), समग्र आयडी (राज्याचा कुटुंब-ओळख नंबर), बँक पासबुक, आधारला जोडलेला मोबाइल. नवीन नोंदणीला आता फार्मर आयडीसुद्धा (शेतकरी ओळख नंबर) लागतो, तो आधी काढून घ्या. फॉर्म पीएम किसानच्या पोर्टलवर 'न्यू फार्मर रजिस्ट्रेशन'मध्ये घरूनही भरता येतो किंवा कॉमन सर्व्हिस सेंटरवर, मग पटवारी (आपल्याकडचा तलाठी) आणि तहसीलकडून पडताळणी होते. पटवाऱ्यांना एकदा स्वतः जाऊन भेटाच. ईकेवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) ओटीपीने होते, म्हाताऱ्या माणसांचे अंगठे उमटत नाहीत त्यांच्यासाठी अ‍ॅपवर चेहरा दाखवूनही होते.

पासबुक दिलं त्याच खात्यात पैसे येतील असंही नाही, आधार शेवटी ज्या बँकेत सीड झालं (जोडलं गेलं) तिथे जातात, त्यामुळे हप्ता दिसला नाही तर आधी जुनी खाती बघा. नंतर स्टेटसमध्ये लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं), ईकेवायसी, आधार सीडिंग, तिन्हीपुढे 'येस' आहे का ते बघा, जिथे 'नो' असेल तेवढंच काम घेऊन जा. तरी अडलं तर केंद्राचा नंबर 155261, राज्याचा 181, तक्रार नंबर लिहून ठेवा.