पंख्याच्या पाटीवर 110, 220, 230 असं वेगवेगळं का असतं? जुन्या सीलिंग फॅनची पार्श्वभूमी

जुने सीलिंग फॅन जमवणारे दोघं भेटले की पहिला वाद ब्रँडवरून निघतो. क्रॉम्प्टन भारी का उषा, ओरिएंटची हवा जास्त का खेतानची, आणि मग ते तासभर चालतं. मला यात एकच सांगायचंय की ब्रँडच्या आधी पाटी वाचा. पाटी म्हणजे बॉडीवर रिव्हेट मारून बसवलेली ती पितळेची नाहीतर अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टी. तिच्यावरचा व्होल्टेजचा आकडा हा त्या पंख्याचा खरा जन्मदाखला, कारण तो पंखा कुठल्या शहरासाठी, कुठल्या सप्लायसाठी आणि साधारण कुठल्या काळात बनला हे सगळं तिथून कळतं. हा आकडा वेगवेगळा का आला त्याची ही पार्श्वभूमी.

विजेवर फिरणारा छताचा पंखा अमेरिकेत 1880 च्या दशकात आला. फिलिप डील हा सिंगर कंपनीसाठी काम करणारा इंजिनियर, त्याने शिलाई मशीनच्या मोटरला पाती जोडून ती छताला टांगली अशी ती सुरुवात सांगतात. (पुढे आपल्याकडे उषानेही शिलाई मशीन आणि पंखे दोन्ही केले, हा योगायोग मला फार आवडतो.) त्या काळात वीज म्हणजे मुख्यतः डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी; आजच्या घरच्या एसीची दिशा सतत उलटसुलट होते. एडिसनच्या दिव्यांसाठी 110 व्होल्टच्या आसपासचा सप्लाय रूढ झालेला, मग तांब्याचा खर्च वाचावा म्हणून तीन वायरची पद्धत आली आणि पुढे बऱ्याच ठिकाणी 220 पर्यंत गेले, कारण व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच पॉवरला करंट निम्मा लागतो आणि वायर बारीक चालते. म्हणून जुन्या इंग्लिश, जर्मन, इटालियन पंख्यांवर 110 डीसी किंवा 220 डीसी दिसतं.

भारतात पंख्याची गोष्ट सुरू होते कलकत्त्यात. सीईएससी या तिथल्या वीज कंपनीचं इमामबाग लेनचं वीजघर एप्रिल 1899 मध्ये चालू झालं, तेही डीसीच. शहर दमट, इंग्रजांची ऑफिसं, कोर्ट, क्लब सगळं तिथे, आणि तोपर्यंत हवा घ्यायची म्हणजे छताला कापडी झालर टांगायची आणि दोरी ओढायला बाहेर माणूस बसवायचा. अशा शहरात वीज आल्यावर दिव्याच्या जोडीला लगेच पंखाच मागितला जाणार. मुंबईत 1882 ला क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले होते पण ती कंपनी वर्षभरातच बुडाली, नियमित सप्लाय आला तो 1905 मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज म्हणजे आताच्या बेस्टमुळे, आणि मे 1907 ला विजेची ट्राम. मग 1915 ला टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र, 1922 ला भिवपुरी, 1927 ला भिरा, म्हणजे घाटातल्या पाण्याची एसी वीज गिरण्यांसाठी मुंबईत उतरली. कलकत्त्याच्या जुन्या भागात मात्र डीसी सप्लाय स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं टिकून होता, त्यामुळे तिकडून येणाऱ्या जुन्या मालात डीसी पंखे जास्त निघतात. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कोणी “ब्रिटिश टाइमचा आहे साहेब” म्हणत पंखा दाखवला तर तो डीसी आहे का एसी हे पहिलं विचारा, आणि उत्तरावर विश्वास न ठेवता स्वतः बघा.

बघायचं कसं? डीसी पंख्याला कम्युटेटर (मोटरच्या फिरत्या भागावरचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) आणि त्याला घासून वीज देणारे कार्बन ब्रश असतात. बॉडीवर समोरासमोर दोन छोटी गोल झाकणं किंवा स्क्रूच्या टोप्या दिसल्या तर आत बहुतेक ब्रश आहेत. एखादी टोपी काढली की बारीक स्प्रिंग आणि तिच्या टोकाला झिजलेला काळा चौकोनी कार्बन बाहेर येतो, बोटाला काजळी लागते, आणि आत डोकावलं तर तांब्याच्या पट्ट्यांचं कम्युटेटर, वर्षानुवर्षं ब्रश घासून चॉकलेटी पडलेलं. हा पंखा घरच्या 230 एसीला चुकूनही लावायचा नाही, ठिणग्या उडतील आणि आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा वाइंडिंगचा भाग, जाईल. उलटंही तेवढंच वाईट, साधा एसी पंखा डीसीला लावला तर फिरणार नाहीच, नुसतं वाइंडिंग तापत जाईल आणि जळेल, कारण डीसीला अडवायला तिथे फक्त तारेचा रेझिस्टन्स उरतो.

रेल्वेचा पंखा हा याच गोष्टीचा सगळ्यात ओळखीचा नमुना. निळ्या आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या) डब्यांमधला जाळीतला पंखा बहुतेक 110 व्होल्ट डीसीचा. डब्याखाली चाकाच्या आसावरून पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर, त्याची वीज डीसी करून बॅटऱ्या चार्ज करायच्या आणि त्यावर दिवे-पंखे. त्याच्या आधीच्या डब्यांत 24 व्होल्ट डीसीची पद्धत होती. “रेल्वेचा पंखा चोरून उपयोग नाही, घरी चालत नाही” असं आपण लहानपणापासून ऐकतो त्यामागचं कारण एवढंच. पण जमवणाऱ्यांनी दुसरी बाजूही ध्यानात ठेवा, रेल्वेची खूण असलेला माल कागदाशिवाय घरात ठेवणं 1966 च्या रेल्वे मालमत्ता कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, तेव्हा लिलावाची पावती असेल तरच घ्या.

आता ब्रँड. सुरुवातीला सगळा माल बाहेरचा, इंग्लंडचे जीईसी, व्हेरिटीज, इटलीचा मारेली, अमेरिकेचे जीई आणि एमर्सन. क्रॉम्प्टन नावामागचा माणूस, कर्नल क्रॉम्प्टन, हा तरुणपणी ब्रिटिश सैन्यातून भारतात आला होता आणि इथे रस्त्यावर वाफेच्या इंजिनांनी गाड्या ओढायचे प्रयोग करत होता, विजेचा उद्योग त्याने परत इंग्लंडला गेल्यावर 1878 ला काढला. त्याची कंपनी पुढे क्रॉम्प्टन पार्किन्सन झाली आणि तिने 1937 मध्ये मुंबईत कारखाना काढला, 1947 ला ही इथली कंपनी करमचंद थापर यांनी घेतली, 1966 ला क्रॉम्प्टन ग्रीव्हज. म्हणजे एकाच घराण्याच्या पाट्यांवर तीन नावं सापडतात आणि नुसत्या नावावरून काळ सांगता येतो. पुढे यांचे पंखे गोव्यात, बेतोडा आणि कुंडईच्या कारखान्यांत बनायला लागले, त्यामुळे “मेड इन गोवा” पंखे आपल्याकडच्या घरांत भरपूर आहेत.

बाकी मोठी नावं बघितली तर कलकत्ताच कलकत्ता. इंडिया इलेक्ट्रिक वर्क्सचा इंडिया फॅन, जय इंजिनियरिंगचा उषा, बिर्लांचा ओरिएंट, खेतान, पोलार. वीज तिथे आधी आली, गिऱ्हाईक तिथे होतं आणि हावड्याला ओतकामाच्या भट्ट्या होत्या, लोखंडी बॉडी ओतायला अजून काय पाहिजे. नंतर बरंच काम हैदराबादच्या छोट्या कारखान्यांकडे गेलं, तिथे एकाच शेडमधून वेगवेगळ्या नावांचे पंखे निघायला लागले. मग 2003 नंतर करसवलतीमुळे हिमाचल-उत्तराखंडला नवे कारखाने उभे राहिले, हॅवेल्सचा हरिद्वारचा त्यातलाच. म्हणून नव्वदीनंतरच्या दोन ब्रँडची तुलना करताना पाटीवर बनवणाऱ्याचा पत्ताही वाचा, कधी कधी दोन्हीकडे एकच निघतो आणि मग “आमचा भारी” हा वाद तिथेच संपतो.

पाटीवरून साल काढायच्या अजून काही खुणा आहेत. स्वीप, म्हणजे पाती फिरतात त्या वर्तुळाचा व्यास, इंचात असेल, 36, 48, 56, 60, तर पंखा बहुधा साठच्या दशकाच्या आधीचा किंवा सुरुवातीचा, कारण मेट्रिक पद्धत 1958 पासून टप्प्याटप्प्याने आली, मग 900, 1050, 1200, 1400 मिमी. फ्रिक्वेन्सीपुढे (एसी सेकंदाला किती आवर्तनं करते तो आकडा) सायकल लिहिलं असेल तर जुना, हर्ट्झ असेल तर त्यानंतरचा. पत्त्यात पिनकोड असेल तर ऑगस्ट 1972 नंतरचा हे पक्कं. बॉम्बे असेल तर बहुतेक 1995 आधीचा, कोलकाता असेल तर 2001 नंतरचा. एकटी खूण फसवू शकते, जुन्या पाट्यांचा साठा संपेपर्यंत वापरतात, पण तीन-चार खुणा जुळल्या की फारसं चुकत नाही.

230 व्होल्ट 50 हर्ट्झ हा आपला आताचा सप्लाय, आणि पंख्याचा स्पीड व्होल्टेजइतकाच फ्रिक्वेन्सीवर बसलेला असतो हे खूप जणांच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या पंख्यात 14 पोल (वाइंडिंगचे चुंबकी ध्रुव) धरले तर 120 गुणिले 50 भागिले 14, म्हणजे 428 च्या आसपास सिंक्रोनस स्पीड (आतल्या चुंबकी क्षेत्राचा फिरायचा वेग), त्यातून स्लिप, म्हणजे पंखा त्याच्या जेवढा मागे पडतो तेवढं, वजा जाऊन 380 वगैरे आरपीएम मिळतं. अमेरिकेतून कोणी नातेवाइकाने 120 व्होल्ट 60 हर्ट्झचा सुंदर लाकडी पात्यांचा पंखा आणला तर स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जमतं पण 60 चे 50 झालेले तसेच राहतात, पंखा साधारण सहाव्या हिश्शाने हळू फिरतो आणि जास्त तापतो. सौदीहून आलेल्या पंख्यांवरही 60 हर्ट्झ दिसतं, कोकणात असे पंखे बऱ्याच घरांत आलेले आहेत, तेव्हा तिथेही हे बघा.

खेडेगावातला प्रश्न वेगळाच, तिथे संध्याकाळी सप्लाय 180 वर येतो. टॉर्क (मोटरचा फिरवायचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, म्हणजे 230 चे 180 झाले की टॉर्क साठ टक्क्यांच्या आसपास उरतो आणि 230 ला मस्त चालणारे दोन पंखे 180 ला अगदी वेगळे वागतात. माझ्या मते खरी तुलना हीच. डिमरस्टॅट (व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) घ्या, 240 पासून 160 पर्यंत दहा-दहा व्होल्टने खाली आणा, प्रत्येक ठिकाणी टॅकोमीटरने आरपीएम आणि वॅटमीटरने वॅट लिहा, स्वीप दोघांचा सारखाच हवा, आणि पाती त्याच पंख्याची हवीत, कारण तीन पाती वजनाने जुळवून सेट केलेली असतात आणि त्यांचा कोन त्या मोटरसाठी ठरवलेला असतो. दुसऱ्याची पाती लावून केलेल्या तुलनेला काही अर्थ नाही. आणि जुना पंखा असेल तर सप्लाय द्यायच्या आधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा, आतली कापडी वायर हात लावला की गळून पडते, अर्थिंग बहुतेक नसतंच, आणि शॅकलचा (पंखा टांगायच्या कडीचा) बोल्ट व स्प्लिट पिन नवीन टाकल्याशिवाय टांगायचा नाही म्हणजे नाही.

नवा टप्पा बीएलडीसीचा, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा. अ‍ॅटमबर्ग ही आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी 2012 मध्ये काढलेली कंपनी, तिने साधारण 28 वॅटचा पंखा 2015 च्या सुमारास बाजारात आणला, तेव्हा साधा पंखा 75 वॅटच्या आसपास खात होता. मग सगळेच त्यात उतरले, आणि 1 जानेवारी 2023 पासून पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं. हे स्टार सर्व्हिस व्हॅल्यूवर ठरतात, म्हणजे मिनिटाला किती घनमीटर हवा भागिले किती वॅट. यात घरची एसी आत आधी डीसी होते आणि मग सर्किट ती कॉइलना क्रमाने देतं, त्यामुळे सप्लाय खालीवर झाला तरी बऱ्याच मोठ्या रेंजमध्ये स्पीड तोच राहतो. वर सांगितलेली डिमरस्टॅटची टेस्ट इथे जवळजवळ सपाट रेघ देते, कधी करून बघा.

जमवणाऱ्याच्या दृष्टीने याची अडचण अशी की मोटर वर्षानुवर्षं टिकेल पण पीसीबी (आतला सर्किटचा बोर्ड) जाईल, आणि त्याच मॉडेलचा पीसीबी तोपर्यंत मिळेलच असं नाही, साध्या पंख्याचा 2.5 एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर कसा मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कधीही मिळतो तसं याचं होणार नाही. शिवाय रिव्हेटची पाटी गेली, आता कागदी स्टिकर असतो आणि तो उष्णतेने पिवळा पडून सुटतो. ज्यांना हे पंखे पुढे ठेवायचेत त्यांनी नवीन असतानाच स्टिकरचा फोटो काढा, मॉडेल नंबर आणि व्होल्टेज रेंज वहीत लिहा, आणि जमलं तर एक पीसीबी जास्तीचा घेऊन त्याच खोक्यात ठेवून द्या.