ध्रुवता आणि रिव्हर्स बायस

विद्युत मंडलातल्या घटकाची कोणती बाजू धन आणि कोणती ऋण, हे ठरवणारा गुण म्हणजे ध्रुवता; कारागिरांच्या तोंडी ‘प्लस-मायनस’. रेझिस्टर किंवा हीटरची कॉइल कशीही जोडा, फरक पडत नाही. डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा घटक), एलईडी, इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) आणि बॅटरी यांना मात्र पडतो. डायोडला त्याच्या वहनाच्या दिशेविरुद्ध व्होल्टेज मिळाले की तो रिव्हर्स बायसमध्ये आहे असे म्हणतात. ही अवस्था म्हणजे जोडणाऱ्याची चूकच, असा सर्रास समज आहे. तो अर्धाच खरा.

सिलिकॉन डायोड म्हणजे पी आणि एन अशा दोन भागांचा सांधा; त्यातला पी भाग धनाला जोडला की सुमारे ०.७ व्होल्टला प्रवाह नीट वाहू लागतो. जोडणी उलटवली की दोन्हीकडचे वाहक, म्हणजे विद्युतभार वाहून नेणारे कण, सांध्यापासून मागे खेचले जातात, मधला वाहक नसलेला पट्टा रुंदावतो आणि नगण्य गळती तेवढी उरते. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की सांधा शरण येतो, म्हणजे उलट दिशेनेही प्रवाह जाऊ देतो. ही मर्यादा १एन४००१ या डायोडला ५० व्होल्ट, तर १एन४००७ ला १,००० व्होल्ट. दिसायला दोघे जुळे भाऊ. एलईडीची बहुधा ५ व्होल्टच असते. झेनर डायोडची तर सारी कमाईच या शरणागतीवर: तो मुद्दाम उलटा जोडतात आणि त्याच्या टोकांवर जवळपास स्थिर व्होल्टेज मिळवतात. प्रकाश मोजणारा फोटोडायोडही बहुतेकदा उलटाच जोडलेला असतो.

इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर इतका सोशिक नाही. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर उलट व्होल्टेजने खराब होतो, आत वायू साठतो, टोपी फुगते आणि वरच्या खाचेतून फुटते. त्याच्या अंगावरचा पट्टा ऋण बाजू दाखवतो. टँटलम कॅपॅसिटरवर मात्र पट्टा धन बाजूला. ही खूण ठरवणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

नाशिक जिल्ह्यात हा विषय सातपूर-अंबडच्या कारखान्यांइतकाच निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत भेटतो. पाठीवरच्या १२ व्होल्टच्या फवारणी पंपाची बॅटरी बदलताना लाल-काळी वायर अदलाबदल झाली, तर मोटर उलटी फिरते. पण पडद्याचा पंप असेल तर मोटर कुठूनही फिरो, पडदा मागे-पुढे हलतोच आणि औषध उडत राहते. त्यामुळे चूक लक्षात येत नाही. कळते ती व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर मेल्यावर.

सौर पंपाच्या पॅनेलमध्ये वायर न बदलताही हे घडते. एका सेलवर पान चिकटले की तो सेल इतरांइतका प्रवाह देऊ शकत नाही. एकसर जोडलेले बाकीचे सेल त्याला रिव्हर्स बायसमध्ये ढकलतात आणि तो वीज देण्याऐवजी तापत बसतो. म्हणून पॅनेलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात. ते अडलेल्या रांगेला वळसा घालून प्रवाह पुढे नेतात. पान पुसायचे काम मात्र आपलेच.

उलट जोडणीपासून बचावाचा सोपा उपाय म्हणजे पुरवठ्याच्या वाटेत एकसर डायोड. त्यात ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. २ अँपिअरला १.४ वॅट नुसती उष्णता. दुसऱ्या पद्धतीत डायोड पुरवठ्याला समांतर, पण उलटा लावतात. वायरी चुकल्या की तो वाहू लागतो आणि फ्यूज उडतो. फ्यूजच्या जागी कुणी तांब्याची जाड तार गुंडाळली असेल, तर आधी डायोड जातो, मग त्याखालची सर्किट बोर्डावरची तांब्याची पट्टी.