सर्व्हे नंबर, गट नंबर आणि मधला बांध

मोजणी आणि नकाशांच्या क्षेत्रातल्या विभागीय संस्थांचं वर्ष साधारण ठरलेलं असतं. एखादी ड्रोनची कार्यशाळा, नव्या रोव्हरचं (उपग्रहांच्या आधारे बिंदूचं स्थान सांगणाऱ्या यंत्राचं) प्रात्यक्षिक, निवृत्त सभासदांना शाल-श्रीफळ आणि वार्षिक सभेत नव्या पदाधिकाऱ्यांची निवड. अध्यक्ष बदलतात, सचिव बदलतात. इतिवृत्तातले दोन विषय मात्र हलत नाहीत. एक, विखुरलेल्या शेतांचे तुकडे जोडणाऱ्या सरकारी एकत्रीकरण योजनेतल्या चुकांची दुरुस्ती. दुसरा, मोजणीचा अधिकार कुणाला. सभेत या दोन्हींवर वेगवेगळी माणसं तावातावाने बोलतात, आणि हे विषय एकमेकांशी किती बांधलेले आहेत ते बाजूलाच राहतं.

मागे फार जायचं तर निजामशाहीतल्या मलिक अंबरपर्यंत आणि शिवाजी महाराजांच्या अण्णाजी दत्तोंपर्यंत जाता येतं. शिवकालीन मोजणीचं वर्णन बखरीत आहे: पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा, एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. वाचायला छान आहे, पण आजच्या सातबाऱ्यावर यातलं काही उरलेलं नाही. भांडणं ज्यावरून होतात ते सगळं इंग्रजी अमदानीत आलं, आणि त्यातलं बरंचसं पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरात सुरू झालं.

१८३० मध्ये तिथे पहिली रयतवारी आकारणी, म्हणजे थेट शेतकऱ्यावर बसवलेला सारा, लागू झाली. ती बेतणारा अधिकारी प्रिंगल पुस्तकी हुशार होता. जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा हिशेब काढून त्यावर सारा बसवायचा, असा त्याचा बेत. हिशेब कागदावर चोख उतरला, पण आकारणी जाचक ठरली. माणसं जमिनी टाकून निघून गेली आणि काही वर्षांतच सगळं गुंडाळावं लागलं. त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ पासून तिथेच नव्याने काम सुरू केलं: मोजा, प्रतवारी लावा, सारा तीस वर्षांसाठी कायम करा. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत मुंबई इलाख्यासाठी पक्की केली.

‘सर्व्हे नंबर’ हा शब्द इथून आला. त्याचा मूळ अर्थ आज कुणी ध्यानात घेत नाही. साधारण एका बैलजोडीने वाहता येईल एवढं रान म्हणजे एक नंबर, अशी ती कल्पना होती. त्याहून लहान तुकडे एकत्र करून त्यांना एकच नंबर दिला जाई. म्हणजे नंबर हे सारा गोळा करण्याचं एकक होतं. मालकी त्यात आपोआप मावतेच असं नव्हतं. ‘सर्व्हे नंबर ४२ पैकी’ यातला ‘पैकी’ हा निरुपद्रवी दिसणारा शब्द तेव्हापासून आपल्या मानगुटीवर आहे.

मोजण्याचं साधन ३३ फुटांची साखळी. तिचे सोळा भाग, प्रत्येक भाग एक आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. पद्धत इतकी सुटसुटीत की मोजणीदार बांधावर उभ्याउभ्या क्षेत्र काढी. त्रिकोणाचा पाया बारा साखळ्या, लंब पाच साखळ्या. गुणाकार साठ, निम्मे तीस, म्हणजे तीस गुंठे. ही मापं टिपणात, म्हणजे मोजणीच्या मूळ कागदात, उतरायची. जुनं टिपण हातात घेतलंत तर घडीवर विरलेला कागद, मोडीतले आकडे, पायारेषेच्या दोन्ही बाजूंना उभे केलेले लंब आणि कोपऱ्यांवर दगडांच्या खुणा दिसतात. मला विचाराल तर या राज्यातला सगळ्यात प्रामाणिक जमीनदस्तऐवज तोच. कारण त्यात लिहिलेलं माप कुणीतरी खरोखर पायी चालून घेतलेलं आहे.

पण त्या मापाची मर्यादाही त्याच कागदावर आहे. एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त. त्याखालचं माप फारसं कुणी धरत नसे. गावनकाशा तर आणखी ढोबळ. आठ इंचांना एक मैल, म्हणजे १:७९२०, या प्रमाणावर काढलेल्या नकाशात अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ जमिनीवर चार मीटर रुंद होते. त्या काळी डोंगरमाथ्यांवरून देशाची त्रिकोणमितीय मोजणीही चालली होती. तिची सुरुवात १८०२ साली मद्रासजवळच्या पायारेषेपासून झाली. पण गावनकाशांचा त्या त्रिकोणांशी सांधा बहुतेक ठिकाणी जुळवलेला नव्हता. एका खात्याला हिमालयाची उंची हवी होती, दुसऱ्याला शेतसारा. प्रत्येक गावाचा नकाशा आपापल्या जागी तरंगत राहिला.

पुढे वाटण्या झाल्या. एका नंबरात चार भाऊ, मग त्यांची मुलं. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये आला, नंबराचे पोटहिस्से पडू लागले. काहींची रीतसर फाळणी, म्हणजे मोजून वेगळी हद्द, झाली. काहींची झालीच नाही. तलाठ्याच्या दप्तरी क्षेत्र लिहिलेलं, जमिनीवर बांध भावांनी आपसात घातलेला, आणि मधली मोजणी गायब.

तुकड्यांची चिंता तेव्हापासूनची. १९१७ च्या सुमारास एका इंग्रज शेतीतज्ज्ञाने पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास करून तिथल्या शेतांचे किती बारीक तुकडे पडलेत ते दाखवलं. (आज तिथे उभ्या असलेल्या इमारती पाहता तो प्रश्न वेगळ्याच मार्गाने सुटला म्हणायचं.) लगेच पुढच्या वर्षी डॉ. आंबेडकरांनी या चर्चेतला गाभ्याचा मुद्दा मांडला: दोष शेताच्या आकारात शोधू नका, शेतीवर जगणाऱ्यांची गर्दी पाहा, उपाय उद्योगधंद्यात आहे. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात लहान धारणांचं विधेयक आलं तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. विरोध इतरांचाही होता, आणि ते विधेयक बारगळलं.

वीस वर्षांनी तेच पुन्हा आलं आणि या वेळी कायदा झाला: मुंबई धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध आणि एकत्रीकरण अधिनियम, १९४७. नावातच दोन कामं आहेत. पहिलं तुकडेबंदी, म्हणजे ठरावीक क्षेत्राखालची विक्री रोखणं. दुसरं एकत्रीकरण. तुकडेबंदीवर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने येतात, विशेषतः २०२३ मध्ये हे ठरावीक, म्हणजे प्रमाणभूत, क्षेत्र जिरायतीला वीस आणि बागायतीला दहा गुंठे झाल्यापासून. एकत्रीकरणाबद्दल कुणी लिहीत नाही, आणि खरा गुंता तिथे आहे.

योजनेचा हेतू कुणालाही पटावा असा. एका खातेदाराचे गावात विखुरलेले तुकडे शक्य तितके शेजारी आणायचे, गरज पडली तर अदलाबदल करायची, मोबदल्यातला फरक भरून द्यायचा, आणि तयार झालेल्या सलग क्षेत्राला नवा क्रमांक द्यायचा. तोच ‘गट’. अंमलबजावणी मुख्यतः पन्नासच्या दशकापासून पुढे झाली. गावोगाव जबाब घेतले गेले, नमुने भरले गेले, जुन्या नंबरांवर काट मारून गट नंबर चढले. जाणकार आजही वादात पडण्याआधी ‘नऊ तीन, नऊ चारचा उतारा काढा’ म्हणतात. जुना नंबर कोणता आणि नवा गट कोणता, हे सांगणारा तोच कागद.

घोटाळा कुठे झाला ते एका उदाहरणावरून दाखवतो. आकडे कल्पित आहेत, पण दुखणं कुठल्याही तालुक्यात ओळखीचं वाटेल. एका शेतकऱ्याकडे ४२ नंबरचा पहिला पोटहिस्सा आणि त्याला लागून ४३ नंबरचा दुसरा. सातबाऱ्यावर पहिला २ एकर १० गुंठे, दुसरा १ एकर ५ गुंठे. पहिल्याची फाळणी कधीच झालेली नाही. भावकीने घातलेल्या बांधाप्रमाणे त्याचा ताबा जेमतेम १ एकर ३८ गुंठ्यांवर आहे. एकत्रीकरणात दोन्ही जोडून गट ११७ झाला. क्षेत्र कोणतं लिहिलं? कागदावरची बेरीज, ३ एकर १५ गुंठे. त्याचं पुढे दशमान पद्धतीत १ हेक्टर ३७ आर झालं. ताब्यातले बारा गुंठे आधीपासून कमी होतेच. बेरजेने ती तूट पुसली आणि वर शासकीय शिक्का बसला. शेजारच्या गटात तेवढीच वाढ लपली. पन्नास वर्षांनी नातू मोजणी आणतो आणि म्हणतो, माझे बारा गुंठे खाल्ले.

हा सरळ नमुना झाला. याहून वाईट म्हणजे अदलाबदल फक्त कागदावर झालेली प्रकरणं. गट नकाशात जमीन ओढ्याच्या पलीकडे दाखवलेली, कसणारा मात्र तीन पिढ्या अलीकडेच, आणि विहीरही त्याने अलीकडेच खोदलेली. अनेक गावांत अशी प्रकरणं साचल्यावर योजना पुढे थांबली. पण तोवर जिथे झाली तिथे झाली. त्यामुळे आज एका तालुक्यात गट नंबर, दुसरीकडे सर्व्हे नंबर-हिस्सा, नागपूरकडे खसरा, आणि गाव शहरात आलं की वर सिटी सर्व्हेचा नंबर. जमीन तीच, नावं चार. लोक बोलताना सगळ्यालाच ‘गट’ म्हणतात, आणि दस्तात चुकीचा शब्द पडला की पुढचं एक वर्ष चूकदुरुस्तीत जातं.

कायद्यात दुरुस्तीची सोय नाही असं नाही. हस्तदोष (लिहिण्यातली चूक) दुरुस्त करता येतो, योजनेत फेरबदलही करता येतो. अडतं ते मुदतीवर. हा अधिकार वाजवी काळातच वापरायला हवा, अशी उच्च न्यायालयाची भूमिका आहे, आणि तीत तथ्य आहे. योजनेनंतर त्या जमिनी विकल्या गेल्या, गहाण पडल्या, त्यावर घरं उभी राहिली. चाळीस वर्षांनी मूळ धागा ओढला तर सगळंच उसवणार. पण ज्याचा बांध चुकला त्याच्या बाजूनेही पाहा. चूक झाली हे त्याला मोजणी आणली तेव्हाच कळतं, आणि मोजणी माणूस वाद झाल्याशिवाय आणत नाही. भूमी अभिलेख खात्यातून आलेल्या जुन्या सभासदांना ही दुरुस्ती खाते पातळीवर, गाववार मोहीम काढून व्हावी असं वाटतं. तरुण सभासद म्हणतात, जुने कागद सोडा, सगळ्या राज्याची नव्याने मोजणी करा. माझा कल पहिल्या बाजूला आहे हे लपवत नाही. नवी मोजणी ताबा अचूक दाखवेल, पण हक्क तिला दाखवता येणार नाही.

तरुणांच्या आग्रहामागे गेल्या काही वर्षांतले बदल आहेत. २०२० च्या एप्रिलमध्ये गावठाणांच्या मोजणीची स्वामित्व योजना आली आणि गावठाणांवरून ड्रोन फिरू लागले. त्याआधी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत आपल्याकडे त्याचा प्रयोग झालेला होताच. गावठाणात हे सोपं गेलं, कारण तिथे बहुतेक ठिकाणी आधीची मोजणीच नव्हती. पुसायला जुनी रेघ नसेल तर नवी काढणं सोपं. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्राने नकाशे आणि स्थानविषयक माहितीवरची पूर्वपरवानगीची बंधनं भारतीय कंपन्यांसाठी उठवली, २०२२ च्या डिसेंबरमध्ये याच माहितीचं राष्ट्रीय धोरण आलं. खात्यातही साखळी आणि प्लेन टेबल (जागेवरच नकाशा काढायचा फळा) मागे पडून रोव्हर आले. संदर्भ केंद्रांच्या जाळ्याला जोडलेला रोव्हर काही सेकंदांत बिंदूचं स्थान सेंटिमीटरांच्या फरकाने सांगतो.

आता मघाची चार मीटरची रेघ आठवा. गटाचा कोपरा ज्या नकाशावरून घ्यायचा त्या नकाशाला अक्षांश-रेखांशच नाहीत. मग मोजणीदार जुने दगड, ओढ्याचं वळण, शिवेवरचा तिठा अशा टिकून राहिलेल्या खुणा धरून नकाशा जमिनीवर बसवतो. कोणत्या खुणा धरल्या यावर बांध इकडे की तिकडे ते ठरतं. यंत्राचा त्या निवडीत काही हात नसतो. म्हणूनच एकाच गटाच्या दोन मोजण्या, दोन्ही रोव्हरने केलेल्या, वेगळ्या निघू शकतात. शेतकरी अशा वेळी ‘पैसे खाल्ले’ म्हणतो. काही वेळा ते खरंही असेल, पण प्रत्येक वेळी नाही.

आणि इथेच दुसरा विषय येऊन मिळतो. आजवर हद्दीच्या मोजणीला कायदेशीर वजन फक्त भूमी अभिलेख खात्याच्या भूकरमापकाचं, म्हणजे सरकारी मोजणीदाराचं. खासगी सर्व्हेअरने कितीही चोख नकाशा काढला तरी तो इमारतीच्या आराखड्याला चालतो, हद्द कायम करायला चालत नाही. दिवाणी न्यायालयही कोर्ट कमिशनला (न्यायालयाने सांगितलेल्या मोजणीला) खात्याचाच माणूस धाडतं. कर्नाटकात परवानाधारक खासगी मोजणीदार बऱ्याच वर्षांपासून आहेत. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये सरकारने तो मार्ग धरायचं जाहीर केलं: मोजणी परवानाधारकाने करायची, प्रमाणित खात्याने करायची. थकलेल्या अर्जांचा ढीग पाहता याला विरोध करणं अवघड आहे.

संस्थांच्या नेतृत्वाचा प्रश्न त्यामुळेच एकदम गरम झाला आहे. आजवर अध्यक्षपद बहुधा निवृत्त अधिकाऱ्याकडे जाई. त्याला टिपण वाचता येतं, आकारफोड (पोटहिस्स्यांत साऱ्याची वाटणी) कळते, कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या बदलाची नोंद) कुठे अडेल ते माहीत असतं. आता ड्रोन आणि रोव्हरवाल्या सभासदांची संख्या वाढली आहे आणि परवान्यांचा थेट लाभ त्यांना होणार आहे. त्यांना आपला माणूस पुढे हवा. जुन्यांचा आक्षेप एका साध्या गोष्टीवर आहे. परवान्याच्या परीक्षेत रोव्हर कसा लावायचा हे जरूर विचारा, पण मोडीतलं टिपण समोर ठेवून कोपऱ्याचे दगड शोधायलाही लावा. त्यावर तरुणांचं म्हणणं, टिपणं लिप्यंतर करून संगणकावर द्या, मग आम्हीही वाचू. ही मागणी वाजवी आहे, पण ते लिप्यंतर करायला मोडी जाणणारी माणसं हवीत, आणि ती आज जुन्यांच्याच गटात बसलेली आहेत.