बिअरमध्ये मध आला कुठून?

मेळघाटात उन्हाळ्यात काढलेला आग्या मोहोळाचा मध प्लास्टिकच्या कॅनमध्ये तोंडापर्यंत भरून ठेवला, तर पावसाळा लागेपर्यंत अनेकदा कॅनचं पोट फुगतं. झाकण सैल करताच फस्स आवाज येतो, वर पांढुरका फेस दिसतो आणि वासाला आंबूस झाक असते. त्यात कोणी काही मिसळलेलं नसतं. मधात यीस्ट मुळातच असतं. पाणी 17-18 टक्क्यांपर्यंत असेल, तर ते निपचित पडून राहतं. पण मेण न चढलेल्या घरांसकट अख्खं पोळं पिळलं, की पाणी 20 टक्क्यांच्या वर जातं आणि यीस्ट जागं होतं. अन्नसुरक्षा मानकांनी मधातल्या पाण्याची कमाल मर्यादा 20 टक्के ठेवली आहे, ती उगाच नाही. थोडक्यात, मधाची दारू माणसाला शोधावी लागली नाही. मधात पाणी शिरलं आणि ती झाली.

चीनच्या हेनान प्रांतात जियाहू इथल्या मडक्यांमध्ये सुमारे 9000 वर्षांपूर्वीच्या पेयाचे अंश सापडले. त्यात तांदूळ, मध आणि फळ एकत्र होतं. तुर्कस्तानात गॉर्डियन इथं 1957 साली उकरलेल्या, इ.स.पू. आठव्या शतकातल्या थडग्यातल्या भांड्यांत जव, द्राक्षं आणि मध एकाच पेयात निघाले. बिअर, वाइन, मीड (म्हणजे मधाची दारू) ही वेगवेगळी खाती फार नंतरची. तेव्हा ज्यात गोडी असेल ते भांड्यात जात होतं. ‘मीड’ हा शब्द आणि आपला ‘मध’ एकाच मुळातले आहेत. मध्ययुगीन इंग्लंड-वेल्समध्ये जवाच्या बिअरमध्ये मध घालून केलेल्या पेयाला ‘ब्रॅगट’ असं वेगळं नाव होतं.

आपल्याकडे ऊस होता, त्यामुळे गणित वेगळं झालं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या आसवात कवठ एक तुला, उसाची काकवी पाच तुला आणि मध फक्त एक प्रस्थ, म्हणजे तुलेपेक्षा कितीतरी लहान माप. (त्याच यादीत ‘मधु’ म्हणजे मात्र द्राक्षाची दारू, वाचताना हमखास घोटाळा होतो.) शार्ङ्गधरसंहितेत तर सरळ नियमच आहे: माप दिलेलं नसेल तिथं एक द्रोण द्रवाला एक तुला गूळ आणि गुळाच्या निम्मा मध. आजच्या हिशेबानं साधारण 12 लिटरला पावणेपाच किलो गूळ आणि अडीच किलोच्या आतबाहेर मध. त्यात धायटीची फुलं पडतात आणि आंबवण्याचं काम त्यांच्यावरचं यीस्ट करतं. साखर पुरवायचं काम गुळाकडे गेलं, मध औषधी गुणासाठी उरला.

युरोपात मध मागे पडण्याची कारणं दुसरी. 1516 साली बव्हेरियानं बिअरमध्ये जव, हॉप्स (कडवटपणा देणारी वेलीची फुलं) आणि पाणी एवढंच चालेल असा हुकूम काढला, आणि पुढे साखर स्वस्त झाली. मध परतला तो घरगुती बिअरवाल्यांमुळे. ब्रिटनमध्ये 1963 साली घरी बिअर करण्यासाठी लागणाऱ्या परवान्याची अट गेली. अमेरिकेत 1978 साली घरगुती बिअरला मुभा देणारा कायदा झाला. 2012 मध्ये व्हाइट हाउसनं स्वतःच्या बागेतल्या पेट्यांचा मध घातलेल्या बिअरची कृती जाहीर केली: सुमारे 19 लिटरला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम मध.

या मापावरून मधाचं आजचं काम कळतं. ‘मध घातला की बिअर गोड होते’ हा समज साफ चूक आहे. मधातली जवळजवळ 95 टक्के साखर यीस्ट खाऊन टाकतं. साडेचारशे ग्रॅममुळे अल्कोहोल सुमारे एक टक्का वाढतं, आणि बिअर उलट कोरडी, म्हणजे कमी गोड, आणि अंगानं हलकी होते. उरतो तो फुलांचा वास, तोही मध उकळीत तासभर ठेवला नसेल तरच. म्हणून तो आच बंद केल्यावर घालतात. ‘मध तापवू नये’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतं, पण कच्चा मध घातला तर त्यातलं जंगली यीस्ट आणि विकरं बिअरमध्ये उतरतात, न आंबणारी साखरही फोडतात आणि महिनाभरानं बाटली उघडताच फवारा उडतो. मधला मार्ग असा: मध पाण्यात पातळ करून 80 अंशांवर अर्धा तास ठेवायचा, थंड करायचा आणि आंबण्याचा जोर असताना घालायचा. जांभळाच्या मधासारखा कडवट मध जपून घालावा. गोडी गेली की कडवटपणा उघडा पडतो.

बाटलीत वायू धरण्यासाठी साखरेऐवजी मध वापरायचा, तर 20 लिटरला 155 ग्रॅमच्या आसपास. मधात पाचवा हिस्सा पाणी असल्यानं तो साखरेच्या सव्वापट लागतो. आंबणं पुरतं संपलेलं नसताना बाटल्या भरल्या, तर त्या फुटतात. एल या प्रकारच्या बिअरसाठीच्या यीस्टला 18 ते 22 अंश लागतात. आपल्याकडच्या मे महिन्यात तर कूलरनंही खोली तिथवर उतरत नाही.

ही सगळी मापं, जिथं घरी बिअर करायला मुभा आहे तिथली. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना दारू गाळणं किंवा बिअर बनवणं गुन्हा आहे. वर्धा आणि गडचिरोलीत तर दारूबंदीच आहे. चंद्रपुरात ती 2015 ते 2021 होती.

कॅन फुगण्याचं दुखणं मात्र बिअरशिवायही आपलंच आहे. आग्याच्या पोळ्यात मधाचा भाग वरच्या बाजूला, फांदीलगत असतो आणि अंडी-अळ्यांचा खाली. मेणानं बंद झालेला मधाचा भाग तेवढाच कापावा, खालचा सोडावा. कापलेला तुकडा हातानं न पिळता स्वच्छ फडक्यावर गंजात निथळू द्यावा. परागकण आणि अळ्यांचं पाणी उतरत नाही, मध टिकतो आणि माशा त्याच फांदीवर पोळं पुन्हा भरतात.