वैद्यकीय निष्काळजीपणाची तक्रार: भरपाई किती मागता येते, वकिलाची फी किती आणि कागद कोणते

रुग्णालयाविरुद्ध तक्रार करायचं ठरलं की घरात आधी दोनच प्रश्न निघतात. भरपाई जास्तीत जास्त किती मिळते आणि त्यातलं वकील किती घेतो? भारतात वैद्यकीय निष्काळजीपणाच्या भरपाईला कायद्याने वरची मर्यादा घातलेली नाही. आणि मिळणाऱ्या रकमेत वकिलाचा टक्का ठरवणं इथे नियमबाह्य आहे.

परदेशातल्या नातेवाइकांचे सल्ले इथे घोळ करतात, म्हणून तिकडचं थोडक्यात. कॅलिफोर्नियात 1975 च्या कायद्याने वेदना आणि मनस्ताप यांच्या भरपाईवर अडीच लाख डॉलरची मर्यादा होती. 1 जानेवारी 2023 पासून ती इजा झाल्यास साडेतीन लाख आणि मृत्यू झाल्यास पाच लाख डॉलर झाली आणि दरवर्षी टप्प्याने वाढते आहे. वकिलाचा वाटाही बांधलेला आहे: दाव्याआधी तडजोड झाली तर 25 टक्के, दाव्यानंतर झाली तर साधारणपणे 33 टक्के. यातलं काहीही आपल्याकडे लागू नाही.

आपल्याकडे न्यायालय 'न्याय्य भरपाई' पाहतं: झालेला खर्च, पुढे लागणारे उपचार, बुडालेलं उत्पन्न, सोसलेल्या वेदना. पत्नीच्या मृत्यूबद्दल डॉक्टर आणि रुग्णालयाविरुद्ध लढलेल्या कुणाल साहा यांच्या प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 6 कोटी 8 लाख रुपये आणि त्यावर व्याज मंजूर केलं, आणि मोटार अपघातांसाठी वापरतात त्या गुणकाच्या (वार्षिक उत्पन्न गुणिले वयानुसार ठरलेला आकडा) गणितात स्वतःला बांधून घ्यायला नकार दिला. पण मागितलेला प्रत्येक आकडा सिद्ध करावा लागतो. पगारपत्रकं आणि आयकर विवरणपत्रं नसतील तर उत्पन्न बुडाल्याचा दावा लटका पडतो.

वकिलाची फी

'आत्ता काही देऊ नका, जिंकलो की तीस टक्के द्या' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा विषय आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये मोटार अपघाताच्या भरपाईवरून उद्भवलेल्या प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. फी आधीच लेखी ठरवा. नोटीस, तक्रार, पुरावा, युक्तिवाद, अपील यांचे आकडे वेगवेगळे विचारा आणि प्रत्येक वेळी पावती घ्या. फी थकली म्हणून वकिलाला तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

अशी तक्रार सहसा ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या यंत्रणेकडे करतात. तिथे वकील सक्तीचा नाही, स्वतः बाजू मांडता येते. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो.

तक्रार कोण आणि कुठे करू शकतो

ज्याने उपचारांचे पैसे दिले तो, ज्याच्यावर उपचार झाले तो, आणि रुग्ण दगावला असेल तर त्याचे वारस. बिल विमा कंपनीने भरलं असलं तरी तुम्ही ग्राहकच आहात. जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालयं मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालानुसार ग्राहक कायद्याबाहेर राहतात, केसपेपरचे किरकोळ पैसे घेतले तरीही. तिथे दिवाणी न्यायालयाचा रस्ता आहे. काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयात मोफत उपचार मिळालेला रुग्ण मात्र तक्रार करू शकतो.

कुठल्या आयोगात जायचं हे मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर तुम्ही दिलेल्या मोबदल्यावरून ठरतं. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यावर 2 कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. म्हणजे बिल 6 लाखांचं आणि मागणी 80 लाखांची असली तरी तक्रार जिल्हा आयोगातच जाते आणि शुल्क लागतं फक्त 200 रुपये. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कच नाही. 2019 च्या कायद्यामुळे आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. उपचार मुंबईत झाले म्हणून गडचिरोलीच्या माणसाला तारखांसाठी मुंबई गाठायची गरज उरली नाही. हा बदल मला या कायद्यातला सर्वांत मोलाचा वाटतो.

दोन वर्षं

तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा अर्ज जोडता येतो, पण त्यावर विसंबू नका. 1993 च्या शस्त्रक्रियेत पोटात राहिलेला गॉज (रक्त टिपायचं जाळीदार कापड) 2002 मध्ये बाहेर निघाला, अशा एका महिलेने 2004 मध्ये तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ती मुदतबाह्य ठरवली. कारण त्या स्वतः परिचारिका होत्या आणि इतकी वर्षं पोट दुखत असताना वेदनाशामक गोळ्यांवर काढण्याऐवजी त्यांनी आधी तपासणी करून घ्यायला हवी होती, असं न्यायालयाचं मत पडलं. निकाल कठोर वाटतो, पण मुदतीचं गणित असंच चालतं.

कागद

वकील शोधण्याआधी कागद मिळवा. डिस्चार्ज कार्डावर थांबू नका, संपूर्ण इनडोअर केसपेपर मागा. त्यात परिचारिकांच्या तासातासाच्या नोंदी, औषधांचा तक्ता, भूल आणि शस्त्रक्रियेच्या नोंदी, संमतीपत्र हे सगळं येतं. परिचारिकेने रात्री दोनला रक्तदाब घसरल्याचं लिहिलेलं असतं आणि डॉक्टरांची पुढची नोंद सकाळी सातची असते. पुष्कळ प्रकरणं अशा पाच तासांवर उभी राहतात. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहिता नियमांनुसार मागणी केल्यावर 72 तासांत हे कागद द्यावे लागतात. मात्र ते जपण्याचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचं आहे. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, कोणी पोच नाकारली तर स्पीड पोस्टने पाठवा.

सोबत बिलं, औषधांच्या पावत्या, एक्स-रे आणि स्कॅनच्या सीडी, नंतरच्या डॉक्टरांचे कागद आणि ओळखपत्र ठेवा. मृत्यू झाला असेल तर मृत्यू दाखला, शवविच्छेदन अहवाल आणि वारसांचा पुरावाही लागतो. त्याच विषयातल्या तज्ज्ञाचं लेखी मत मिळालं तर तक्रारीला मोठं बळ येतं. चूक उघड दिसत असेल तर तज्ज्ञाविनाही चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या व्ही. किशन राव निकालात म्हटलं आहे. पण उपचार करूनही गुण आला नाही, एवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही.

दाखल केल्यानंतर

तक्रार शपथपत्रासह प्रत्यक्ष किंवा ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून दाखल होते. ती दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण 21 दिवसांत ठरतं. नोटीस मिळाल्यावर डॉक्टर आणि रुग्णालयाला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात, त्यापुढे आयोगही मुदत वाढवू शकत नाही. मृत्यू किंवा गंभीर इजेचं प्रकरण मध्यस्थीकडे पाठवता येत नाही. कायद्यात निकालासाठी तीन ते पाच महिने लिहिले आहेत, प्रत्यक्षात वर्षं जातात, तेवढी तयारी ठेवा.

जिल्हा आयोगाच्या निकालावर 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं. अपील रुग्णालयाचं असेल तर आदेशातल्या रकमेपैकी 50 टक्के आधी जमा करावे लागतात. अंतिम आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर त्याच आयोगात वसुलीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किमान 25 हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.