काकांचे शेअर कंपनीनेच घेतले तर? भांडवल, रिझर्व्ह आणि बायबॅकची माहिती

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या मुळात घरच्या पार्टनरशिपमधून झालेल्या आहेत, कुणाचं युनिट इंदूरच्या सांवेर रोडला, कुणाचं पोलोग्राउंडला, आणि शेअरहोल्डर म्हणजे दोन भाऊ, एक काका, कधी एखादी आत्या. अशा घरांतून एक प्रश्न हमखास येतो, की काका आता कामातून बाहेर पडताहेत तर त्यांचे शेअर कंपनीच्याच पैशाने घेऊन कंपनीच्याच नावावर ठेवून देऊ, पोरगा पुण्याहून शिकून आला की त्याला देऊन टाकू, चालेल ना? व्हिडिओत बघितलेलं असतं, त्याला ट्रेझरी स्टॉक म्हणतात आणि अमेरिकेत ते चालतंही. आपल्याकडे नाही चालत. कंपनी शेअर परत घेऊ शकते (ह्यालाच बायबॅक म्हणतात) पण ठेवून नाही देऊ शकत, ते रद्दच करावे लागतात, आणि रद्द केल्यावर घरातला सगळा तोल बदलतो, म्हणून हे पत्रक नीट वाचा मग या.

आधी इक्विटी म्हणजे काय ते

कंपनीकडे जे काही आहे (मशीन, माल, उधारी, बँक बॅलन्स) त्यातून जे काही देणं आहे ते वजा केलं की उरतं ते मालकांचं, तीच इक्विटी. बॅलन्स शीटवर ती दोन भागांत दिसते, शेअर कॅपिटल आणि रिझर्व्ह अँड सरप्लस. ऑथराइज्ड कॅपिटलचा आकडा बघून खूश होऊ नका, ती फक्त किती शेअर काढता येतील ह्याची मर्यादा आहे, त्यात एक पैसा आलेला नसतो. खरा आकडा पेड-अपचा, म्हणजे शेअरपोटी प्रत्यक्ष भरलेल्या दर्शनी किमतीचा.

आता एक उदाहरण धरून चलू, पुढे सगळीकडे हेच वापरलंय. कंपनीचे १ लाख शेअर आहेत, दर्शनी किंमत १० रुपये, म्हणजे पेड-अप १० लाख. त्यातले २० हजार शेअर नंतर ५० रुपयांनी दिले होते, तर वरचे ४० रुपये गुणिले २० हजार, म्हणजे ८ लाख, हे सिक्युरिटीज प्रीमियममध्ये गेले. हा नफा नाही बरं का, मालकांनीच घातलेला पैसा आहे, म्हणून तो नफा-तोट्याच्या खात्यात कधीच येत नाही. आणि इतक्या वर्षांत न वाटलेला नफा साठून झाला ३२ लाख. एकूण इक्विटी ५० लाख, शेअरमागे ५० रुपये.

ह्यानंतर दर वेळेला कुणीतरी विचारतंच, की ३२ लाख रिझर्व्ह आहे तर बँकेत चार लाखच का? कारण रिझर्व्ह म्हणजे तिजोरी नाही, पैसा कुठून आला त्याची ती नोंद आहे, तो गेला कुठे ते बघायचं तर दुसऱ्या बाजूला बघा, तिथे नवी लेथ आहे, गोडाऊनमध्ये माल आहे आणि सियागंजच्या पार्टीकडे सहा महिन्यांची उधारी अडकलीये. रिझर्व्ह भरपूर आणि कॅश नाही अशी कंपनी काकांना पैसे देणार कुठून, हा प्रश्न कायद्याच्याही आधीचा आहे.

अमेरिकेतला हिशोब

तिकडे कंपनीने स्वतःचे शेअर बाजारातून घेतले आणि रद्द नाही केले तर ते ट्रेझरी स्टॉक. ही मालमत्ता नाही, इक्विटीतून वजा होणारी रक्कम आहे. कंपनीने स्वतःचाच शेअर घेणं म्हणजे आपणच आपल्याला उधार दिल्यासारखं, त्याने घर श्रीमंत होत नाही. त्या शेअरला व्होट नाही, डिव्हिडंड नाही. कोका-कोलाचं बॅलन्स शीट बघा, इश्यू केलेले शेअर ७०४ कोटी आणि त्यातले २७० कोटींहून जास्त कंपनीकडेच ट्रेझरीत पडून आहेत, तेवढी रक्कम इक्विटीतून मायनस दाखवलेली असते.

ते पुढे विकले तरी नफा होत नाही, इथेच लोक अडकतात. ८० ला घेऊन १०० ला विकले तर वरचे २० उत्पन्न धरत नाहीत, ते सरळ भांडवलाच्या प्रीमियममध्ये जातात, ६० ला विकले तर तोटाही नफा-तोट्याच्या खात्याला लागत नाही, आधी अशाच आधीच्या व्यवहारातून जमलेल्या प्रीमियममधून आणि तो पुरला नाही तर साठलेल्या नफ्यातून वजा करतात. आपल्याकडच्या इंड एएस ३२ (हिशोबाचं भारतीय मानक) मध्येसुद्धा तत्त्व हेच आहे, मालकांशी केलेल्या व्यवहारात कंपनीला नफा-तोटा नसतो. मागे एका क्लायंटच्या अकाउंटंटने काकांचे घेतलेले शेअर टॅलीत इन्व्हेस्टमेंट्स ग्रुपखाली टाकले होते, बॅलन्स शीट जुळलं म्हणून कुणाच्या लक्षातही नाही आलं. जुळतंच ते, पण चूक आहे.

आपल्याकडचा बायबॅक

कंपन्यांना स्वतःचे शेअर परत घ्यायची परवानगी आपल्याकडे १९९९ च्या दुरुस्तीने मिळाली, आता कंपनी कायदा २०१३ चं कलम ६८ लागतं. बायबॅक पूर्ण झाला की शेवटच्या तारखेपासून ७ दिवसांत ते शेअर नष्ट करायचे, म्हणजे पोरासाठी ठेवणं वगैरे काही नाही. मर्जरमधून ट्रस्टच्या नावाने स्वतःचे शेअर ठेवायची वाट होती, कलम २३२ ने तीही बंद केली.

मर्यादा अशी, की पेड-अप अधिक फ्री रिझर्व्ह (डिव्हिडंड म्हणून वाटता येईल असा साठलेला नफा) ह्याच्या २५ टक्के (इथे सिक्युरिटीज प्रीमियमही धरतात), म्हणजे आपल्या उदाहरणात साडेबारा लाख, आणि एका वर्षात इक्विटी भांडवलाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. पेड-अप अधिक फ्री रिझर्व्हच्या १० टक्क्यांपर्यंत बोर्डाचा ठराव पुरतो, त्याच्या वर शेअरहोल्डरांचं स्पेशल रिझोल्यूशन. काकांचे १५ हजार शेअर ८० रुपयांनी घ्यायचे तर १२ लाख, बसतंय.

तेवढी कॅश कंपनीत आहे असं धरलं तर एंट्री अशी पडते. बँकेतून १२ लाख गेले, शेअर कॅपिटल दीड लाखाने कमी झालं, उरलेल्या साडेदहा लाखांतले ८ लाख सिक्युरिटीज प्रीमियममधून आणि अडीच लाख रिझर्व्हमधून. मग अजून एक एंट्री, जी बहुतेक लोक विसरतात, ती म्हणजे रद्द झालेल्या शेअरच्या दर्शनी किमतीइतकी रक्कम, दीड लाख, रिझर्व्हमधून कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्हला (सीआरआर) टाकायची. हा पैसा डिव्हिडंड म्हणून वाटता येत नाही, फक्त बोनस शेअर द्यायला वापरता येतो, कारण भांडवल गुपचूप कमी करून देणेकऱ्यांना उघडं पाडू नये. आता बघा, कॅपिटल साडेआठ, प्रीमियम शून्य, सीआरआर दीड, रिझर्व्ह २८, एकूण ३८ लाख. शेअर उरले ८५ हजार, शेअरमागे सुमारे ४४ रुपये ७१ पैसे, कारण ५० चा शेअर ८० ला घेतला, तो फरक राहिलेल्यांच्या खिशातून गेला.

मतांचं गणित

हे पैशापेक्षा महत्त्वाचं आहे आणि ह्याच्यावर कुणी बोलतच नाही. थोरल्याचे ४५ हजार शेअर, धाकट्याचे ४० हजार, काकांचे १५ हजार. आतापर्यंत दोघा भावांचं पटलं नाही की काका ज्याच्या बाजूला तो जिंकायचा. काकांचे शेअर रद्द झाले की थोरला ५२.९४ टक्के, धाकटा ४७.०६. थोरल्याने एक रुपया न घालता साध्या ठरावापुरता कारभार त्याच्या हातात आला. धाकट्याकडे स्पेशल रिझोल्यूशन अडवायची ताकद राहते, बाकी नाही. गंमत म्हणजे हा बायबॅक १० टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे विरोधातल्या मतांच्या निदान तिप्पट मतं बाजूने पाहिजेत आणि ते धाकट्याच्या संमतीशिवाय होणारच नाही. सही करायच्या आधी त्याला हे समजावून सांगणं आमचं काम आहे आणि आम्ही सांगतो, कुणाला आवडो न आवडो.

ऑफर सगळ्यांना जाते, फक्त काकांना नाही. दोघं भाऊ स्वतःचे शेअर देत नाहीत म्हटल्यावर काकांचे पूर्ण घेता येतात.

बाकी अटी पटापट. आर्टिकल्समध्ये (कंपनीची अंतर्गत नियमावली) बायबॅकची तरतूद पाहिजे, शेअर पूर्ण पेड-अप पाहिजेत, बायबॅकनंतर कर्ज इक्विटीच्या दुपटीच्या वर नको, बँकेकडून कर्ज काढून बायबॅक करता येत नाही, एक झाला की वर्षभर दुसरा नाही आणि ६ महिने त्याच प्रकारचे नवे शेअर काढता येत नाहीत (बोनस वगैरे सोडून), म्हणजे पोराला लगेच नवे शेअर द्यायचा बेतही बारगळला. वार्षिक रिटर्न थकलेलं असेल तर कलम ७० मुळे सुरुवातच होत नाही.

टॅक्सचं असं आहे की १ ऑक्टोबर २०२४ च्या आधी तो कंपनी भरायची, त्या तारखेपासून मिळालेली पूर्ण रक्कम शेअरहोल्डरच्या हातात डिव्हिडंड धरायला लागले, आणि २०२६ च्या बजेटने तेही बदललं. हे नियम बजेटमध्ये हलत असतात, तेव्हा ज्या वर्षी व्यवहार त्या वर्षीचा नियम आमच्याकडून तपासून घ्या, शेजारच्या कंपनीने काय केलं ते विचारू नका.

आमचं मत विचाराल तर पुतण्यांकडे स्वतःचे पैसे असतील तर काकांनी शेअर सरळ त्यांना विकावेत, एसएच-४ हा शेअर नावावर करायचा फॉर्म, ०.०१५ टक्के स्टॅम्प ड्युटी, कंपनीचा पैसा कंपनीत राहतो आणि कुणी किती घ्यायचे ते दोघं भाऊ बसून ठरवू शकतात. कॅश कंपनीतच आहे आणि घरात कुणाकडे नाही तेव्हाच बायबॅक.

येताना मेमोरँडम-आर्टिकल्स, शेवटचं ऑडिटेड बॅलन्स शीट (६ महिन्यांपेक्षा जुनं असेल तर नवे आकडे लागतील), मेंबर्सचं रजिस्टर आणि बँकेच्या कर्जाची कागदपत्रं आणा, बँकेची एनओसी लागते का ते आम्ही त्यातून बघू. बायबॅक पूर्ण झाल्यावर ३० दिवसांत ग्वाल्हेरच्या कंपनी रजिस्ट्रारकडे एसएच-११ (बायबॅक झाल्याचा फॉर्म) भरायचा असतो, तो ऑनलाइन होतो, त्यासाठी तिकडे जायची गरज नाही. आणि काकांनाही सोबत आणा, नुसती त्यांची सही नको.