ताज्या व डबाबंद भाज्यांचे पोषणमूल्य

शेतातून बाजारात आलेली भाजी आणि हवाबंद डब्यात उष्णता देऊन टिकवलेली भाजी यांतील अन्नघटकांची तुलना. ती बहुधा चुकीच्या टप्प्यावर केली जाते. एका पारड्यात नुकतीच खुडलेली कच्ची भाजी ठेवली जाते, दुसऱ्यात डबा. ताटात मात्र पडते ती दोन-चार दिवसांचा प्रवास करून आलेली आणि वर शिजवलेली भाजी.

डबाबंदीचे तंत्र फ्रान्समधील मिठाईवाला निकोला आपेर याचे. त्याबद्दल त्याला १८१० साली सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले. तो काचेच्या बाटल्या वापरी. पत्र्याच्या डब्याचे एकस्व (पेटंट) त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने घेतले. अन्न का टिकते याचा उलगडा लुई पाश्चरच्या काळात, सुमारे अर्धशतकाने झाला.

कारखान्यात भाजी आधी थोडा वेळ उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढतात. त्यामुळे तिचा रंग-चव बिघडवणारी विकरे (एन्झाइम) निकामी होतात. मग डबा बंद करून दाबाखाली सुमारे १२१° से. तापमान देतात, कारण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू नुसत्या उकळीने मरत नाहीत. टोमॅटो आंबट असल्याने त्याला इतक्या उष्णतेची गरज नसते.

क जीवनसत्त्व आणि थायमिन (ब१ जीवनसत्त्व) या उष्णतेत नष्ट होतात, शिवाय पाण्यात उतरतात. मटारच्या १०० ग्रॅम कच्च्या दाण्यांत क जीवनसत्त्व सुमारे ४० मिग्रॅ असते. पाणी काढलेल्या डबाबंद दाण्यांत ते १० मिग्रॅच्या आसपास उरते. प्रथिने व तंतू यांत फरक थोडाच पडतो. सोडियमचे उलट: ताज्या दाण्यांत ते जेमतेम ५ मिग्रॅ, मिठाच्या पाण्यातल्या दाण्यांत २०० मिग्रॅच्याही वर. दाणे नळाखाली धुतले की मीठ बरेच कमी होते, पण उरलेसुरले क जीवनसत्त्वही काही प्रमाणात त्याच पाण्याबरोबर जाते. आणखी एक मेख अशी की काही डब्यांत हिरवा मटार नसतोच. वाळवलेले वाटाणे भिजवून भरलेले असतात. ताज्या मटारशी त्यांची तुलनाच करू नये.

ताजी भाजीही स्थिर नसते. खुडलेल्या शेंगेतला दाणा श्वसन करत राहतो आणि त्याच्या साखरेचा पिष्ट होतो. आदल्या दिवशी गोड लागलेला मटार दुसऱ्या दिवशी पिठूळ लागतो तो यामुळेच. पालकाचे नुकसान सर्वांत जलद: उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या जुडीतले बहुतेक क जीवनसत्त्व काही दिवसांत संपते, आणि फ्रिजमध्येही आठवडाभरात मोठी घट होते. हिवाळ्यात पुरंदर तालुक्यातून पुण्याच्या बाजारात आलेला मटार त्याच दिवशी सोलून शिजवला, तर डबा त्याच्या जवळपासही येत नाही. आठवडाभर पडून राहिलेल्या शेंगांच्या बाबतीत अंतर बरेच कमी होते. डब्यातली घट मुख्यतः कारखान्यातच होते. नंतर थंड जागी ठेवलेल्या डब्यात ती संथ असते. घरीही भाजी भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून दिले, तर कारखान्यातलाच प्रकार घडतो.

टोमॅटोत मात्र पारडे फिरते. त्याला लाल रंग देणारे लायकोपिन शिजल्यावर पेशींतून मोकळे होते आणि तेलासोबत शरीरात अधिक शोषले जाते. त्या दृष्टीने डबाबंद टोमॅटो कच्च्या फोडींपेक्षा सरस ठरतात. गाजरातले बीटा-कॅरोटीनही (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते) उष्णतेत बऱ्यापैकी टिकते.

मराठी स्वयंपाकघरात डबाबंद भाजी फारशी रुळली नाही; हंगामाबाहेर लोक गोठवलेला मटार आणतात, आणि त्यात क जीवनसत्त्व डब्यापेक्षा जास्त उरते. परदेशातील मराठी घरांत मात्र कोवळ्या फणसाचे आणि अळूवडीच्या जातीच्या ‘पात्रा’चे डबे आढळतात. फुगलेला किंवा गळका डबा चाखूनही पाहू नये: बोट्युलिनमचे विष अल्प मात्रेतही जीवघेणे असते आणि त्याला चव किंवा वास असेलच असे नाही.